नांगरटीवर बसलेला कळप

आज प्रयोगशाळेतल्या कृत्रिम नळीत पेशी बसल्या नाहीत, तर म्हाकू धनगराच्या हृदयाला जोडायला रक्तवाहिनी मिळणार नव्हती. त्याच्याच पेशी याआधी दोन नळ्यांमधून वाहून गेल्या होत्या.

“नळ्या तर आरशासारख्या गुळगुळीत होत्या की,” त्याची बायको जकाबाई म्हणाली.

“म्हणूनच घसरल्या, मावशी. आम्हीही फसलो,” डॉक्टर रेणुका म्हणाली. “या तिसऱ्या नळीला आतून सऱ्या पाडल्यात, केसाहून बारीक.”

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी धारेबरोबर गडगडत आल्या. एक सरीत अडली, अंग लांबवून धारेच्या दिशेनं वळली आणि निजली. शेजारी दुसरी आली, मग तिसरी.

जकाबाई पडद्याकडे वाकली. लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवण्यात तिचा जन्म गेला होता.

“मेंढरंच की गं ही! कातळावर थारत नाहीत, नांगरट दिसली की पाय मुडपतात.”

बघता बघता सगळी नळी भरली. रेणुका आनंदानं काही बोलणार, तोच जकाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

“हळू, पोरी. नुकता बसलेला कळप आवाजानं उठतो.”

पडद्यावर म्हाकूचा जीव अंगाला अंग लावून निवांत बसला होता.