वीस किलोमीटर

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी दिग्विजयचा सायकलीसोबतचा फोटो पडायचा आणि खालच्या मजल्यावर महिपतीला बोलणी बसायची. शेवटी वैजयंतीनं नवऱ्याला फर्मानच काढलं, "वरचा माणूस रोज कुंभारीला जाऊन येतोय, आन् तुमी हितं लोळताय! सोमवारपासून तुमी बी त्यांच्यासंगं जायचं."

सकाळच्या झोपेवरच घाला आला म्हटल्यावर महिपतीच्या डोक्यातला किडा वळवळला. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये कुणी न्हाई बघून त्यानं दिग्विजयच्या महागड्या सायकलीची दोन्ही चाकं पार चपटी करून टाकली, वर व्हॉल्व्हही काढून खिशात घातले.

रविवारी पहाटे गडी गॅलरीत दबा धरून बसला. दिग्विजय उतरला. हेल्मेट, हातमोजे, काळा गॉगल, अंगाला चिकटलेला पिवळाधमक टी-शर्ट. सायकल हातानं ढकलत तो ऐटीत गेटबाहेर पडला. महिपतीनं कान टवकारले, पण बोंब काही ऐकू आली न्हाई. दीड तासानं साहेब तसेच ढकलत परत आले, आणि लगेच ग्रुपवर फोटो पडला, "आज कुंभारी आणि परत. वीस किलोमीटर!"

महिपती तसाच खाली पळाला आणि चाकं दाबून बघितली. काल केली होती तशीच चपटी.

वर आला तर वैजयंती मोबाईल नाचवत दारातच उभी. "बगा, वीस किलोमीटर! असली सायकल जमंल का तुमाला?"



"असली व्हय? असली तर उद्यापासून मी रोज चाळीस मारतो की!"