मानेपर्यंतचे लक्ष्मणराव

लक्ष्मणरावांच्या अल्बमांत चाळीस वर्षांचं सगळं गणगोत होतं. स्वतः लक्ष्मणराव मात्र होते ते मानेपर्यंतच. त्यांचा फोटो त्यांच्या पत्नी निरुपमाबाई काढत आणि त्यात डोकं हमखास कापलं जाई.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी त्यांना एकदाचं कारण उमगलं. लेन्स जड, बायकोचा हात नाजूक, मग कॅमेरा पुढं कलणारच! तिचा पंजा कागदावर गिरवून घेऊन ते फतेगंजातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार हार्दिकभाईनं त्यांचा रुंद पंजा पाहून कॅमेऱ्याला लावायची मोठी मूठ, म्हणजे ग्रिप, पुढं केली. "काका, तमारा हाथमां तो आ ज बेसशे."

"अरे, हात माझा नाही, हिचा आहे," म्हणत त्यांनी त्या कागदावर सात ग्रिप ठेवून पाहिल्या आणि एक छोटीशी लाकडी पसंत केली.

घरी आल्या आल्या ती बसवली. कॅमेरा निरुपमाबाईंच्या हातात असा तोलून राहिला की बस्स! लक्ष्मणराव नवा झब्बा घालून झोपाळ्यावर ऐटीत बसले.

"कोपर अंगाशी घे. श्वास रोखून धर. अगं, थोडा वर... हं, आता दाब!"

फोटोत डोकं अगदी भांगासकट आलं होतं. तोंड मात्र अख्खं भजं जाईल एवढं उघडं.



"म्हणून तर इतकी वर्षं कापत होते," निरुपमाबाई म्हणाल्या. "फोटो निघेपर्यंत गप्प बसलात का कधी?"