उजवीकडची चाकं

लखनने उजवीकडचं पुढचं चाक विटांवर आडवं टाकलं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अलॉयची चकाकी जाऊन कड करवतीसारखी खरखरीत झाली होती. मागचं चाकही तसंच. डावीकडची दोन्ही मात्र नुसती पुसली तरी नव्यासारखी दिसत होती.

सिडकोतल्या घरापुढं सकाळपासून हे काम चाललं होतं. उद्या लखनच्या बायकोला, तृप्तीला, पहिल्या बाळंतपणासाठी सटाण्याला माहेरी पोचवायचं होतं. लखनला कंपनीतून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्याचे वडील, नाना, गाडी नेणार होते. व्याह्यांच्या दारात असली चाकं घेऊन जायचं नाही, हे नानांचंच म्हणणं. गॅरेजवाल्याला सवड नव्हती. मग पॉलिश पेपर, खाचा बुजवायची लांबी आणि रुपेरी रंगाचा स्प्रे बापलेकांनीच जाऊन आणला.

नाना पाटावर बसून पेपर पाण्यात बुडवत होते, घासत होते. पिंपळगावची द्राक्षं टेंपोतून मुंबईला पोचवण्यात त्यांची हयात गेली होती.

"नाना, ही बाजू कुठं घासली?"

"डिव्हायडरला. लय उंच करून ठेवलेत आता."

लखनने पुन्हा डावीकडच्या चाकांकडं पाहिलं. फुटपाथला घासते ती डावी बाजू. उजवी म्हणजे चालवणाऱ्याच्या बुडाखालची. ती नवशिक्याचीसुद्धा सहसा घासत नाही.

लांबी भरून झाली. ती वाळायची वाट बघत बसलेले असताना लखनची आई, वत्सलाबाई, चहा घेऊन आल्या. दार नानांच्या उजव्या हाताला होतं. लेकाला कप देऊन त्या तिथूनच नानांनाही देऊ शकल्या असत्या. पण त्या नवऱ्याला वळसा घालून, पसरलेल्या वर्तमानपत्रांवरून पाय उचलत डावीकडं गेल्या आणि मग कप पुढं केला.

लखनने ते पाहिलं. त्याने स्प्रेचा डबा उचलला आणि न बोलता नानांच्या उजव्या गालाशी धरला. नाना चहा पीत राहिले. त्याने डबा आणखी जवळ नेला. नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"लखन," वत्सलाबाई म्हणाल्या.

नानांनी मान वळवली आणि नाकासमोरचा डबा बघून दचकले. चहा धोतरावर सांडला.

"कधीपासून?" लखनने विचारलं.

"पूर्ण नाय गेला डोळा." नानांनी बशी खाली ठेवली. "उजेड कळतो. आतली नस वाळली म्हणाला डॉक्टर. ती परत येत नाय."

"आणि तरी गाडी चालवता?"

"मी असते ना शेजारी," वत्सलाबाई मधेच म्हणाल्या. "उजवीकडचं मी सांगते त्यांना."

गेल्या पावसाळ्यापासून आई दळण टाकायलासुद्धा गाडीत बसून जायला लागली होती. म्हातारपणी हौस सुचली म्हणून तो आणि तृप्ती हसले होते.

"उद्या तृप्ती असणार होती गाडीत. पोटुशी आहे ती, नाना."

नाना धोतरावरचा चहा झटकत राहिले.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं," नाना म्हणाले, "तर किल्ली दिली असतीस?"

लखनने पेपर पाण्यात बुडवला. वाळलेल्या लांबीवर पेपर मारला, चाक पुसलं आणि डबा हलवून रंग मारायला लागला. हात एका जागी रेंगाळला, रंग ओघळला.

"लांबून मार," नाना म्हणाले. "हात थांबवू नको."

टायरवर लावलेला कागद एका बाजूनं सुटत होता. ते उठले आणि रंग मारून होईपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले.

संध्याकाळी चाकं चढवली. नानांनी सगळे नट स्वतः आवळले, जॅक उतरवला. मग खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी लखनने बिनपगारी रजा टाकली. वत्सलाबाई सवयीनं पुढच्या दाराशी गेल्या, तर तिथं नाना उभे. त्या निमूट मागं तृप्तीजवळ बसल्या.

ओझर गेलं. पिंपळगावच्या पुढं डावीकडच्या शेतरस्त्यातून कांद्याचा ट्रॅक्टर एकदम हायवेवर आला. लखनने करकचून ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

नानांचा पाय त्याच्याआधीच खाली गेला होता. ट्रॅक्टर पलीकडं निघून गेला, गाडी पुन्हा सुटली, तरी तो पायाखालच्या रबरी मॅटवर तसाच गच्च दाबलेला होता.