डिकीतलं पाणी

वरदने कानाखाली वाजवली तेव्हा रज्जाकच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते. एक पार्किंगमध्ये पडला. दुसऱ्याने ओठ फाडला.

"नवीन रबर बसवलंस ना? मग आज सकाळी डिकीत पाणी कुठून आलं?"

रज्जाकने हाताच्या पालथ्या बाजूने रक्त पुसलं. "साहेब, काल रबराला पावडर लावून ठेवली होती. पावडर कोरडी, आणि आत पाणी. म्हणजे हे पाणी पावसाचं—"

दुसरी बसली. त्याचं निदान तिथेच थांबलं.

हडपसरच्या त्या सोसायटीला चारही बाजूंनी गॅलऱ्या होत्या. माणसं बाहेर आली, वाळत घातलेले कपडे चाचपून पाहिले, अजून ओले आहेत अशी खात्री करून घेतली आणि आत गेली. सगळी सुशिक्षित होती.

"शेवटचा उपाय सांगतो," हत्यारं गोळा करत रज्जाक म्हणाला. "डिकी मी पुसून दिलीय. आता एकाने टॉर्च घेऊन आत झोपायचं. झाकण लावायचं. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. थेंब दिसला की तिथं लीक. पण डिकी आतून उघडत नाही, साहेब. बाहेरचा माणूस भरवशाचा पाहिजे."

एवढं बोलून त्याने स्कूटरला किक मारली. पडलेला स्क्रूही शोधला नाही.

वरद मागे आईशेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे, कादंबरीकडे, वळला. "चल. तुला सवय आहे."

खरं होतं. गेल्या महिन्यात वाघोलीच्या एका बारशाहून कादंबरी डिकीतूनच घरी आली होती. तिथे कुणाच्या तरी विनोदाला ती हसली होती. वरदची आई, मंदाकिनीबाई, पुढच्या सीटवर बसल्या होत्या. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "वरद, खड्डे बघून चालव."

पुढच्याच आठवड्यापासून डिकीत पाणी साचायला लागलं. त्यानंतर एकदा वरदने कादंबरीला मनगट धरून डिकीपर्यंत ओढत आणलं, झाकण उघडलं, आत टबभर पाणी पाहिलं आणि नाइलाजाने तिला मागच्या सीटवर बसवलं. तेव्हापासून त्याचा हात बराचसा गॅरेजवाल्यांवरच चालायचा. रज्जाक चौथा.

मनगट मंदाकिनीबाईंचं वाकडं होतं, डावं, दिवाळीपासून. त्या बाथरूममध्ये पडल्या, असं वरदने डॉक्टरांना सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली होती. रोज सकाळी, वरद उठायच्या आत, उजव्या हातात भलामोठा तांब्या घेऊन त्या खाली यायच्या आणि पार्किंगमध्ये सूर्याला पाणी द्यायच्या. श्रावणात सूर्य दिसत नसे. पण नेम म्हणजे नेम.

"आई, एवढा मोठा तांब्या कशाला?" कादंबरीने एकदा विचारलं होतं.

"सूर्य काय लहान आहे?"

सुनेशी त्या यापेक्षा जास्त बोलत नसत.

"वरद, नको ना," कादंबरी आता म्हणाली. "आत जीव घुसमटतो माझा."

"मग लवकर शोध. लीक सापडला नाही, तर आजची रात्र आतच." त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला डिकीत लोटलं. तिचं कपाळ कडेवर आपटलं. "आई, पाइप धर."

मंदाकिनीबाईंनी पाइप धरला. "अगं, डोकं सांभाळ," त्या म्हणाल्या. "नवं रबर आहे."

वरद खूश झाला. त्याने झाकण आपटलं.

पाणी सुरू झालं. वरद झाकणावर थाप मारून विचारायचा, "दिसलं?" आतून उत्तर यायचं, "नाही." दर खेपेला आवाज बारीक होत गेला. शेवटी आवाजच आला नाही, तेव्हा त्याने गाडीला लाथ घातली. पत्र्याला पोचा पडला. तो कुणामुळे पडला, हे त्याने बंद झाकणाला सविस्तर सांगितलं.

"दिसलं!" आतून किंकाळी आली. "डाव्या कोपऱ्यात! दिव्यापाशी!"

वरदने झाकण उघडलं. कादंबरी धडपडत बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. कपाळावर रक्त होतं. घामाने ती निथळत होती. डिकी मात्र ठणठणीत कोरडी होती.

वरदने डाव्या कोपऱ्यात हात फिरवला. बोटं पाहिली. मग स्टेपनीशेजारचा लोखंडी पाना उचलला.

"खोटं बोललीस?"

"खरंच दिसलं होतं," कादंबरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "एकच थेंब होता."

"अरे, हिला डावं-उजवं तरी कळतं का?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हिच्या भरवशावर काय राहतोस? तू स्वतः आत जाऊन बघ. मग मार. पाना कुठे पळून जातोय?"

वरदला पटलं. घरात अक्कल असलेली दोनच माणसं आहेत, असं तो नेहमी म्हणायचा. त्यांतली एक आई. त्याने पाना आईच्या हातात दिला. खिशात रुतते म्हणून किल्लीही दिली. गुडघे पोटाशी घेऊन तो आत शिरला आणि टॉर्च लावला.

"पाणी जोरात मार. मी सांगेन तेव्हाच उघडायचं."

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि झाकणावर अंगाचा सगळा भार टाकला. खट्ट झालं.

मग त्यांनी नळ बंद केला. पाइप नीट गुंडाळून ठेवला.

आतून हाक आली. मग शिवी. मग लाथा. गाडी जागच्या जागी हिंदकळू लागली. वर गॅलऱ्यांमध्ये माणसं आली, त्यांनी कपडे चाचपून पाहिले आणि आत गेली.

मंदाकिनीबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, वाकडा हात सुनेपुढे केला आणि तिला उठवलं. मग वर ढगांकडे पाहिलं.

"चल, चहा टाकू," त्या म्हणाल्या. "उद्यापासून अख्खा तांब्या सूर्याला."