वानरिणीचा दहावा

२०२२ सालच्या मार्गशीर्षात, घोटीपलीकडच्या एका गावात, दारणेच्या काठी वानरिणीचा दहावा मांडला होता. रस्ता रुंद करायला आधी तीन उंबर पाडले. वानरांची फांदीवरून फांदीवर जायची वाट तुटली, ही वानरीण खाली उतरली आणि ट्रकखाली आली. मेलेल्या वानराला माणसासारखं पोचवायची रीत गावात जुनीच. गावातल्या पुंजाने तिचं सुतक धरलं, डोकं भादरलं.

पाडण्यासाठी आकडे टाकलेले एकोणचाळीस उंबर अजून उभे होते. नाशिकची योगिनी अभ्यासासाठी सहा वर्षं या वानरांमागे हिंडत होती. उंबरांसाठी तिने चार अर्ज केले. एकाचंही उत्तर नव्हतं. दोन वाजता जेसीबी यायचा होता.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले.

"तुझं मंदिर बांधू," सरपंच रविराज पिंडाला हात जोडून म्हणाला. "संगमरवरी."

एकही कावळा हलला नाही. लापशी गार झाली. रविराजने घड्याळ पाहिलं. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा अन् शिववून टाका."

गुरुजींनी दर्भ उचलला. योगिनीचा कावळ्यावर विश्वास नव्हता, पण तिला राहवलं नाही.

"मग दर्भाचे उंबरही लावा की, सरपंच. वानरं चढतील त्यांवर."

मागे बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

"ताई, तुमचं माकडांचं शिक्षण नाशकात ठेवा. हा धर्माचा विषय हे."

"मंग धर्मानंच होऊ द्या," पुंजा म्हणाला. त्याने पिंडाची पत्रावळ उचलली, आकडा टाकलेल्या पहिल्या उंबराच्या बुंध्याशी नेऊन ठेवली आणि तिथेच मांडी घातली. "तिचा जीव देवळात नाय, हितं अडकलाय. कावळा शिवल्याबिगर मी उठायचा नाय."

गुरुजींनी दर्भ नदीत सोडला आणि ते पुंजाच्या शेजारी जाऊन बसले. मग वाढपाच्या बायका आल्या, हातातल्या पळ्यांसकट. योगिनी दुसऱ्या उंबराला टेकली. जेसीबी दोनला आला, चारपर्यंत घुरघुरला आणि परत गेला. कावळा शिवलाच नाही.

पुढे रस्त्याने उंबरांना सोडून वळण घेतलं. रविराज निवडणूक हरला. नाशकात द्वारकेला त्याचं टायरचं दुकान आहे. गुरुजी वारले. योगिनीच्या वहीत तेव्हा बावीस वानरं होती, आता एकतीस आहेत.

पुंजा अजून डोकं भादरतो. कुणी साहेब मोजणीची फीत घेऊन उंबराशी आला, की आडवा उभा राहतो.

"शिवू नका साहेब, सुतक हे. दहावा उरकला नाय अजून."