उपप्रश्न

“या राज्यात एकाही वृद्धाची पेन्शन एक दिवसही रखडलेली नाही!” मंत्री गरजले आणि शेगावच्या विश्रामगृहातल्या बारा रिकाम्या खुर्च्या भारावून गेल्या. विधानसभेतल्या उद्याच्या उत्तराची ही तालीम होती. विरोधी पक्षात पीए दीपक एकटाच होता. तो प्रश्नांचा कागद शोधत असतानाच मागून आवाज आला, “काऊन बे, खोटं बोलाले मी शिकवलं काय तुले?” शेवटच्या खुर्चीमागे वडनेरचे कारभारी गुरुजी पासबुक घेऊन उभे होते. पेन्शनची वाट पाहत ते चैत्रातच वारले होते. शोकसभेत मंत्र्यांनीच भाषण ठोकलेलं. गुरुजींमागे पासबुकं घेतलेल्या म्हाताऱ्यांची रांग होती, दारातून थेट फाटकापर्यंत. दीपक मात्र कागदच शोधत होता. “गुरुजी, उद्या खरं बोलतो,” मंत्री पुटपुटले. “ते राहू दे. मेलो, पन रांग सुटली नाही, पाय दुखून राह्यले. बँकेसमोर एक बाकडं तेवढं टाक.”