निरोपाचा झगा

बर्फाच्या उतारावर, स्कीच्या शर्यतीच्या सुरुवातीच्या लाकडी चौकटीत फ्रोनी उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगात शर्यतीचा घट्ट पोशाख होता आणि त्यावर आईचा सणासुदीचा निळा झगा, रेशमी एप्रनसकट. डोक्यावर हेल्मेट. आरसा समोर असता तर तिलाच हसू फुटलं असतं. पण खेळ सोडणारीनं शेवटची शर्यत अशीच नटूनथटून करायची, ही या डोंगरांतली रीत. वेगबिग काही नाही. वाटेत थांबायचं, लोकांना हात करायचा, सोबत्यांच्या गळ्यात पडायचं, घोटभर घ्यायची आणि रमतगमत खाली पोचायचं.

"एप्रनची गाठ डावीकडे बांधलीस गं," सुरुवात देणारा म्हातारा टोनी म्हणाला. "म्हणजे अजून कुणाची झाली नाहीस वाटतं?"

"सोळा वर्षं या खांबांशी संसार केला, टोनी. आजपासून मोकळी."

"काडीमोड घ्यायला एवढं नटून येतात होय!"

मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरी हसल्या. फ्रोनीही हसली. झग्याआड उजवा गुडघा ठणकत होता. चार वेळा शस्त्रक्रिया झाली होती त्याच्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आई गयावया करून थकली होती, आणि गेल्या महिन्यात फ्रोनीनंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की आता पुरे, माझं मन भरलं. मन कुठलं भरतंय! दोनदा दुसरी आली होती ती, तीनदा तिसरी. पहिली एकदाही नाही.

यंत्राचे टोले सुरू झाले. शेवटचा लांब टोला वाजला आणि तिच्या पायांना रीतभात काही आठवली नाही.

वरचा उतार म्हणजे तिचा जन्माचा वैरी. उभा कडा आणि त्यावर दगडासारखा बर्फ. इथे ती दरवेळी सेकंदभर मागे पडायची आणि खालच्या टप्प्यात जिवाच्या आकांतानं ते भरून काढायची. खाली तिला गाठणारी कुणी जन्माला आली नव्हती, पण शेवटी हिशेबात थोडं कमीच पडायचं. आज तिला कशाची भीती नव्हती. झगा फडफडत होता, वळणं दाखवणारे खांब नडग्यांवर आपटून आडवे होत होते, एक वळण संपायच्या आत पुढचं सुरू होत होतं. गुडघा दुखतोय की नाही, याचीही शुद्ध नव्हती. किती दिवसांनी इतकं बरं वाटत होतं!

मग आल्विन दिसला. कडा संपतो तिथे, ठरल्याप्रमाणे दोन खांबांच्या मधोमध, हातात नासपतीच्या दारूचा चिमुकला ग्लास घेऊन. सोळा वर्षं तोच तिचा प्रशिक्षक. बाजूनं निघून जावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तो सांगेल तिथे थांबायची पायांना सवय होती. स्की आडव्या झाल्या, बर्फ उडाला, ती थांबली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकच कल्ला केला.

आता आल्विननं तिला मिठी मारायची होती. तो दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"तू वेळ घेतलास?" फ्रोनीनं विचारलं.

"बोट आपोआप दाबलं गेलं. पी आधी."

"किती?"

"पी म्हणतो ना."

"आल्विन, किती?"

त्यानं घड्याळ तिच्यापुढे धरलं. "ती स्वीडनची पोरगी आहे ना पहिली, तिच्या मागे सेकंदाचे तीन दशांश. फक्त तीन. झग्यासकट."

फ्रोनीनं खाली बघितलं. उरलेले पंचवीस खांब उन्हात उभे होते. इथून खाली त्या पोरीला तिनं दरवेळी निदान अर्ध्या सेकंदानं मागे टाकलं होतं.

"सोळा वर्षं घसा फोडला मी, वरून अशी उतर म्हणून," आल्विनचा आवाज चिरकला. "सोळा वर्षं! आणि तुला मुहूर्त सापडला तो आजचा?"

"आज जिंकायचं नव्हतं ना."

"गाढव आहेस." मग त्यानं तिला जवळ घेतलं, इतकं घट्ट की ग्लासातली निम्मी दारू झग्यावर सांडली.

"मला अजून हवंय रे," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पण पायाकडे बघ."

गुडघा लटलट कापत होता. ती तो थांबायची वाट बघत राहिली. तो थांबेना.

"जा आता," आल्विन म्हणाला. "आई उभी आहे खाली. सावकाश जा."

उरलेली दारू तिनं एका घोटात संपवली. मग प्रत्येक खांबापाशी हात करत, कुणाच्या टाळीला टाळी देत, कुणाच्या पोराचा गालगुच्चा घेत ती उतरली. खाली बँड वाजत होता. जेमतेम मिनिटाच्या शर्यतीला तिच्या नावापुढे फलकावर चार मिनिटं अकरा सेकंद असा आकडा लागला आणि लोक खदखदून हसले, उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं फुलं तिच्या हातात कोंबली, लाडानं तिचा गॉगल वर सारला आणि तिथेच थबकली.

"डोळ्यांत पाणी का गं?"

"वारा लागला."

"एवढी हळू आलीस," आई म्हणाली, "वारा कुठला लागतोय?"